तोंडाची सुई

बोरटोल्याच्या शाळेला औषधाची पेटी मिळाली आणि केशोराव गुरुजींचं सुख संपलं. तसं पाहिलं तर ती पेटी कोणी त्यांच्या गळ्यात बांधली नव्हती. त्यांनी ती स्वतः मागून घेतली होती. स्वराज्य येऊन पाचसहा वर्षं झाली होती आणि गावोगावी काही ना काही येत होतं; कुठे विहीर, कुठे रेडिओ, कुठे नुसतंच भाषण. बोरटोल्याला यातलं काहीच आलं नव्हतं. अशात वरच्या कचेरीतून विचारणा आली, की ज्या गावाच्या जवळपास दवाखाना नाही तिथल्या गुरुजींची औषधाची पेटी सांभाळायची तयारी आहे काय. केशोरावांनी उलट टपाली कळवलं, 'आनंदाने.' हा एक शब्द त्यांना पुढे फार महागात पडला.

केशोराव त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. मुख्यही तेच आणि अध्यापकही तेच, कारण दुसरा मास्तर मंजूर होऊन दोन वर्षं झाली तरी पोचला नव्हता. शिवाय गावचं पोस्ट त्यांच्याचकडे, आणि माणसं मोजायची असोत की गुरं, तेही काम त्यांच्याचकडे. त्यामुळे आपल्यावाचून गावाचं पान हलत नाही असा त्यांचा समज होता. त्यांची बायको प्रेमिला ही तिरोड्याकडची. तिचा असा काही समज नव्हता.

"शाळा तुमीच, पोष्ट तुमीच, आता दवाखाना बी तुमीच का?" ती म्हणाली.

"ही गावाची सेवा आहे, प्रेमिला."

"करा सेवा. पन ते पेटी चुलीजवर ठेवू नोका."

पेटी घेण्याआधी गोंदियाला जाऊन दोन दिवसांचं शिक्षण घ्यावं लागलं. तिथे एका डॉक्टरसाहेबांनी फळ्यावर माणसाची आकृती काढली आणि औषध शरीरात कोणकोणत्या मार्गांनी जातं ते समजावलं. केशोरावांनी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं: तोंड, नाक, कान, डोळा, कातडी, आणि एक मार्ग असा, की तो त्यांनी वहीत नुसता 'इतर' म्हणून लिहिला. शेवटी साहेबांनी सुई हातात घेतली, उजेडाकडे धरून तिच्या टोकातून एक थेंब उडवला आणि म्हणाले, "आता हा मार्ग." यापुढचं केशोरावांना आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा ते बाकावर आडवे होते आणि देवरीकडचे एक गुरुजी त्यांना टोपीने वारा घालत होते. 'रेल्वेचा शीण' असं त्यांनी सर्वांना सांगितलं, आणि आल्यापासून ते गोंदियातच मुक्कामाला आहेत याची आठवण कोणी करून दिली नाही, हा लोकांचा चांगुलपणा. सुदैवाने नियमच असा होता, की पेटीवाल्या गुरुजींनी सुईला हात लावायचा नाही. लावलाच, तर पेटी जाईल आणि बदली होईल देवरीच्याही पलीकडे, जिथे शाळेत मुलांपेक्षा अस्वलं जास्त. या नियमाखाली केशोरावांनी दोन रेघा ओढल्या. आयुष्यात एखादा सरकारी नियम त्यांना इतका मनापासून पटला नव्हता.

पेटी हुकुमचंदच्या बैलगाडीतून, भाताच्या तणसात गुंडाळून आली. हुकुमचंद गावातला सगळ्यात मोठा कास्तकार. तिच्यात हिवतापाच्या कोयनेलच्या गोळ्या होत्या, एरंडेल होतं, डोळ्यांत घालायचे थेंब, खरजेचं मलम, आयोडीन, कापूस होता, आणि काकडीएवढी जाड एक पितळी पिचकारी होती. ती कान धुण्यासाठी.

श्रावण लागला. धानाच्या बांध्यांत पाणी भरलं, चिखल झाला, रोपं लावायचे रोवणे सुरू झाले, आणि दरवर्षीसारखा हिवतापही आला. केशोरावांनी पेटी उघडली. पहिला रोगी शेजारचा मनिराम. गुरुजींनी त्याला गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते दोनदा सांगितलं, त्याच्याकडून एकदा म्हणूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय मनिराम, गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या ना जी," म्हणत मनिरामने बाही वर केली. दंडावर काळ्या दोऱ्यात एक चिंधी बांधलेली होती आणि चिंधीत गोळ्या. "कालपासून बांधून राहिलो. फरक वाटते."

नंदाबाई म्हातारीने आपल्या गोळ्या हळदीबरोबर वाटून कपाळावर लेप दिला होता. बारीक वाटल्या गेल्या नाहीत म्हणून गुण आला नाही, अशी तिची तक्रार. हुकुमचंदने तर गोळ्या गुळात घालून हेल्याला, म्हणजे चिखलणीच्या रेड्याला, चारल्या होत्या.

"हेल्याला?" केशोराव म्हणाले.

"मले ताप आला तं मी पडून राहीन, गुरुजी. हेला पडला तं चिखल कोन करल?"

"पण हेल्याला ताप होता का?"

"नोहोता. आता येनार बी नाही."

केशोरावांनी त्या संध्याकाळी पिंपळाच्या पारावर लोकांना जमवून औषधाच्या मार्गांवर व्याख्यान दिलं. गोळी तोंडातून घ्यायची, ती पोटात विरघळते, तिथून रक्तात जाते, वगैरे. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हुकुमचंद उठला आणि त्याने दोन वाक्यांत व्याख्यान निकालात काढलं. "तोंडातून जाते ते जेवन, गुरुजी. ते सकारी बाहेर येते. सुईनं जाते ते औषध. त्याले बाहेर जाले दरवाजाच नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. केशोरावांनी घरी येऊन वही चाळली, पण याला काय उत्तर द्यायचं ते साहेबांनी सांगितलंच नव्हतं.

मग त्यांनी स्वतः घरोघर जाऊन गोळी हाताने तोंडात घालायचं ठरवलं. हा उपक्रम मनिरामपासून सुरू झाला आणि मनिरामपाशीच संपला, कारण त्याने तोंड वेळेआधी मिटलं. पुढे चार दिवस गुरुजी बोटाला पट्टी बांधून हिंडत होते आणि भेटेल तो आस्थेने विचारत होता, "बोटाले सुई घेतली का नाही जी?"

सुईची ही गोडी गावाला लावली होती बकारामने. बकाराम हा बाजाराच्या दिवशी सायकलवरून येणारा सुईवाला. पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात तो फरशी पुसत असे म्हणतात. पण पुसता पुसता त्याने पाहिलं बरंच होतं. ताप असो, कंबर असो, सुनेला मूल होत नसो, तो सगळ्यांना एकच सुई टोचायचा. टोचल्यावर त्याचा एक नियम असे: सुई घेतलेल्या माणसाने दिवसभर पाण्यात पाय घालायचा नाही. टोचलेली जागा पुढे पिकली, तर 'तू पान्यात गेला असशील' म्हणायला बरं, एवढाच त्यातला मतलब. पण गावाने तो नियम देवाच्या उपासासारखा पाळला. सुई घेतलेल्याला कोणी कामाला लावत नसे. अगदी हुकुमचंदसुद्धा नाही.

त्या वर्षी मात्र नाल्याला पूर आला, वाट मोडली आणि बकाराम येईनासा झाला. इकडे रोवण्याच्या बायांपैकी निम्म्या अंगात कापरं घेऊन चिखलात उभ्या. हुकुमचंद गुरुजींकडे आला आणि म्हणाला, "काही तरी सुईचं करा जी. रोप वाफ्यात पिवरं पडून राहिलं."

"माझ्याकडे गोळ्या आहेत."

"तेच तं सांगून राहिलो. गोळ्या नोको, औषध द्या."

त्याच संध्याकाळी केशोराव ओसरीवर बसून पिचकारी धूत होते. दट्ट्या ओढला, पाणी भरलं आणि अंगणात एक लांब धार मारली. तेवढ्यात रोवण्याच्या बायांची म्होरकी मंदाबाई रस्त्याने चालली होती. ती थांबली. अंगात ताप होता, डोक्यावर पोतं होतं, गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"गुरुजी, सुई आली का?"

'ही कान धुण्याची आहे' असं सांगायला केशोरावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. आपल्या आयुष्यातला सर्वांत शास्त्रीय विचार आपल्याला त्या क्षणी सुचला, असं ते नंतर बरेच दिवस मानत होते. ते म्हणाले, "आली. पण ही जरा निराळ्या तऱ्हेची आहे. ही तोंडात द्यायची असते."

"टोचत नाही?"

"अजिबात नाही."

मंदाबाईने पिचकारीकडे पाहिलं, मग गुरुजींकडे पाहिलं. "आन पान्याचं का? सुईवानीच हाये ना, दिवसभर पाय घालाचा नाही?"

पथ्य नसलेली सुई गाव सुई मानणार नाही, हे केशोरावांना कळत होतं. ते गंभीरपणे म्हणाले, "पाण्यात पाय बिलकुल घालायचा नाही."

"मंग द्या," ती म्हणाली आणि तिने पायरीवर बसून तोंड उघडलं.

केशोरावांनी कोयनेल पाण्यात विरघळवलं, पिचकारीत भरलं आणि सोडलं तिच्या घशात. दुसऱ्या दिवशी ती घरी झोपून राहिली. पुढेही डोस घेतले आणि ताप उतरला. मग जे सुरू झालं ते केशोरावांच्या हातात राहिलं नाही. सकाळी शाळा भरायच्या आत ओसरीसमोर रांग लागू लागली. मनिरामची एकच हरकत होती, की हात पुसल्याशिवाय सुई कशी. म्हणून गुरुजी आधी ओल्या कापसाने दंड पुसत, रोगी मान पलीकडे वळवून डोळे घट्ट मिटे, तोंड उघडे, आणि मग पिचकारी तोंडात जाई. मनिराम त्यानंतर दिवसभर डावा हात गळ्यात अडकवून हिंडला. ठणकून राहिला म्हणे.

एका म्हाताऱ्याचा कान खरोखरच वाहत होता. केशोरावांना आनंद झाला. पिचकारी ज्या कामासाठी आली होती ते काम एकदाचं चालून आलं होतं. पण म्हातारा कान देईना. "कानात कायले जी? सुई तोंडात देतेत. मले का अडानी समजता?" त्याचंही कोयनेलवरच भागवावं लागलं.

यश माणसाला चढतं, आणि केशोरावांना तर थोड्यातच चढत असे. ते ओसरीला 'दवाखाना' म्हणू लागले. पिचकारी उजेडाकडे धरून, एक डोळा बारीक करून पाहू लागले. आत मुलं पाढे म्हणत, बाहेर गुरुजी दंड पुसत, आणि मधूनच आत वळून 'सात नव्वे?' असं विचारत. पार चोरखमारा गावापासूनची माणसं चिखल तुडवत येऊ लागली. हुकुमचंद एक एक दिवस वाया जातो म्हणून कुरकुरायचा, पण सुईचा मान सुईला द्यायलाच हवा, हे त्यालाही मान्य होतं. शिवाय बाया उठून पुन्हा कामावर येत होत्या. गावाला विज्ञानाचा मार्ग दाखवला, आणि तोही रीतसर तोंडातून, या समाधानात केशोराव रात्री झोपत. प्रेमिलेला त्यांनी हे समाधान अनेकदा बोलून दाखवलं. ती भांडी घासता घासता हूं म्हणत असे.

मग नाल्याचा पूर ओसरला आणि बकाराम आला. बाजारात तो दिवसभर सुई घेऊन बसला, पण एकही दंड त्याच्यापुढे आला नाही. जाताना तो कोणाला काही बोलला नाही, पण आठवड्याभरात कचेरीतून पत्र आलं. बोरटोल्याचे गुरुजी परवानगीशिवाय लोकांना सुया टोचतात अशी तक्रार आहे, तरी खुलासा करावा. केशोरावांनी लिहिलं, 'मी कोणालाही सुई टोचलेली नाही.' त्यावर उत्तर आलं, 'टोचली नसल्यास न टोचल्याचा पुरावा जोडावा.' न टोचल्याचा पुरावा कसा जोडतात यावर केशोराव दोन रात्री जागे होते. तेवढ्यात तिसरं पत्र आलं, की डॉक्टरसाहेब चौकशीला स्वतः येत आहेत, जेवणाची व्यवस्था व्हावी.

बातमी गावभर झाली. बदली देवरीच्या पलीकडे, हे सगळ्यांना ठाऊक झालं. हुकुमचंदने पारावर लोकांना बोलावलं आणि बजावलं, "साहेबानं पुसलं तं सारे एकच म्हना. गुरुजीनं कोनालेच सुई देली नाही."

"पण तेच खरं आहे," केशोराव म्हणाले.

"बरोबर. असंच म्हनाचं," हुकुमचंद म्हणाला आणि त्याने डोळा मिचकावला. सगळ्या गावाने उलट डोळा मिचकावला. केशोरावांनी पुष्कळ समजावून पाहिलं. ते जितकं समजावत तितके लोक जास्त समजुतीने माना हलवत.

ठरल्या दिवशी डॉक्टरसाहेब आले. गोंदियाला शिकवणारे तेच. ओसरीवर खुर्ची टाकली, समोर गाव बसलं. रोजच्या सवयीने आलेले पाचसहा रोगीही एका बाजूला रांगेत होते. त्यांत मंदाबाई होती, तिचा ताप उलटला होता. प्रेमिलेने साहेबांना पाणी आणून दिलं, तेव्हा तिचा हात थरथरला आणि पेल्यातलं पाणी साहेबांच्या बुटांवर सांडलं. केशोरावांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. नोकरीचा प्रश्न होता, आणि हिला साधा पेला धरता येऊ नये.

साहेबांनी पहिला साक्षीदार म्हणून मनिरामला पुढे बोलावलं. "क्या भाई, गुरुजींनी तुम्हाला सुई दिली?"

"नाही जी. गुरुजीनं कोनालेच सुई देली नाही," मनिराम पाठ केल्यासारखं म्हणाला.

"कोणत्या हाताला नाही दिली?"

"ह्या डाव्या," म्हणत मनिरामने बाही वर केली. "ठनकून राहिला होता."

साहेबांनी टाक उचलला. पुढचा साक्षीदार आला, त्याचाही एकच जबाब, शब्दाशब्दाने तोच. तिसऱ्याने तर विचारायच्या आधीच सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा अख्खं गाव एका बाजूने खरं बोलत होतं आणि जबाब देणाऱ्यांना वाटत होतं आपण खोटं बोलतोय, त्यामुळे प्रत्येकाच्या तोंडावर चोरी पकडल्यासारखा भाव होता. साहेब केशोरावांकडे वळून म्हणाले, "मास्टरजी, इतकं शिकवलेलं गाव मी पाहिलं नाही. आता ती सुई काढा."

केशोराव आत गेले, पिचकारी घेऊन आले आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. कापूस, दंड, तोंड, सगळं. साहेबांनी पिचकारी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि मग ते इतके हसले की खुर्ची करकरली. "अहो, ही तर कानाची." ते उभे राहिले आणि गावाला म्हणाले, "ऐका. ही सुई नाही. हिला टोकच नाही. गुरुजींनी तुम्हाला तोंडानेच औषध पाजलं, गोळी खावी तसं. गुरुजी निर्दोष आहेत."

नोकरी वाचली. केशोरावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी खांबाला टेकून श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत हुकुमचंद उठला.

"म्हंजे सुई नोहोतीच?"

"नव्हती."

"मंग ह्या बाया एक एक दिवस घरी कायले पडून राहिल्या? माहा अर्धा रोवना बाकी हाये." तो रांगेकडे वळला. "उठ वं मंदाबाई. तोंडातच घ्याचं हाये तं बांधीच्या धुऱ्यावर घे, आन चाल."

"अहो, तापाच्या माणसाला आराम पाहिजे," साहेब म्हणाले.

"गोळीले कायचा आराम जी? मानूस जेवून कामावर जाते, तसा गोळी खाऊन जाते. आराम सुईचा."

मंदाबाई उठली नाही. पोतं अंगाभोवती आवळून ती बसल्या जागेवरून बोलली. "आमाले मालूम होतं जी. तोंडात कडू पान्याची धार पडते, ते सुई नोहोय हे लेकराले बी समजते. पन सुई म्हटलं का एक दिवस पान्यात पाय नाही. गोळी म्हटलं का चाल बांधीत. म्हनून आमी तोंड उघडत होतो, गुरुजी. तुमाले वाईट वाटू नये म्हनून डोरे बी मिटत होतो."

केशोराव ऐकत राहिले. विज्ञानाचा मार्ग, चोरखमाऱ्यापासून येणारी माणसं, उजेडाकडे धरलेली पिचकारी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. या बाया औषधाला आल्याच नव्हत्या. एक दिवस कोरड्या जागी पडून राहायला मिळावं, म्हणून त्या त्यांचा हा खेळ मुकाट्याने सहन करत होत्या. केशोरावांना फार लाज वाटली. आणि आता साहेबांनी त्यांना निर्दोष सोडलं, तेव्हा बायांचा तो एक दिवसही गेला होता.

काही तरी करायलाच हवं होतं. ते पुढे झाले आणि म्हणाले, "हुकुमचंदजी, गोळी घेतली तरी आराम करायचाच असतो. मी स्वतः आत्ता गोळी घेतो आणि दिवसभर इथे आडवा होतो. मुख्याध्यापक आडवा होतो म्हटल्यावर तर..."

"तुमी तं तसेही बसूनच राहता जी," हुकुमचंद म्हणाला. "तुमचं पडनं कोनाले दिसल?"

गाव हसलं. रांगेतल्या तापाच्या बायासुद्धा हसल्या.

"मले द्या ते गोळी," दारातून आवाज आला. प्रेमिला चौकटीला धरून उभी होती.

"तुला कशाला?"

"मले बी ताप हाये."

साहेबांनी तिला खुर्चीवर बसवलं, नाडी पाहिली, तोंडात काचेची नळी ठेवली. नळी उजेडाकडे धरून ते म्हणाले, "एकशेतीनच्या वर आहे. कधीपासून?"

"बाजाराच्या दिवसापासून."

केशोरावांची शुद्ध भाषा गळून पडली. "मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"सांगून का करता? तुमी सुई देली असती. मंग दिवसभर पान्यात हात नाही घालाचा. भांडे कोन घासल, तांदूर कोन धुवल?" ती हे रागाने म्हणाली नाही. रोजची गोष्ट सांगावी तसं म्हणाली, आणि ते केशोरावांना जास्त लागलं. तिने साहेबांच्या हातातली गोळी घेतली, सगळ्यांदेखत तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि उठली. "गोळी घेतली. आता मी पडते. चुलीवर भात हाये, डाळ टाकाची हाये." आणि आत जाऊन ती खरोखरच पडली.

जेवायला साहेब होते, सोबतीला हुकुमचंद होता, आणि दोघांचं जेवण आत चुलीवर बेवारस होतं. केशोराव आत गेले. प्रेमिला भिंतीकडे तोंड करून निजली होती. त्यांनी वाकळ तिच्या अंगावर ओढली आणि कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. महिनाभर त्यांनी येईल त्याचा दंड पुसला होता. या कपाळाला हात लावायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चुलीचा धूर होताच, त्यामुळे त्याचा बोभाटा झाला नाही.

भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला. हे एकाच भांड्यात कसं साधलं ते केशोरावांना शेवटपर्यंत समजलं नाही. डाळीत मीठ पडलं नव्हतं, आणि दोन पाहुणे म्हणून ते नंतर दोनदा पडलं. साहेब सरकारी माणूस. समोर येईल ते खायची त्यांना सवय होती. खाता खाता ते एवढंच म्हणाले, "सुई आढळली नाही, असं लिहितो. पिचकारी मात्र कानातच घाला." हुकुमचंदने पहिला घास घेतला, बराच वेळ चावला, आणि दुसऱ्या घासाकडे नुसता पाहत राहिला.

बाहेरून मंदाबाईने हाक दिली. "हुकुमचंदजी, मास्तरीनबाई गोळी खाऊन पडल्या. आमी का करावं?"

हुकुमचंदने आतल्या खोलीकडे पाहिलं. वाकळीतून बाहेर आलेलं पाऊल तेवढं दिसत होतं.

"पडा," तो म्हणाला.

जेवण तसंच टाकून तो हात धुवायला उठला. केशोराव त्याच्या हातावर पाणी घालायला गेले, तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, चार गोळ्या माह्या घरी बी लागतीन. घरवाली दुलारी परवापासून तापानं कापून राहिली. मीच म्हटलं होतं, रोवना होऊ दे, मंग पडजो."

केशोरावांनी पुडी बांधून दिली. त्याने ती धोतराच्या सोग्यात खोचली, दोन पावलं गेला आणि परत आला.

"भाताले पानी किती ठेवता जी?"

केशोरावांनी मान ताठ केली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच कोणीतरी त्यांचा सल्ला मनापासून मागत होतं.

"मी ठेवलं त्याच्या दुप्पट," ते म्हणाले.